हातचा एक

एकोणतीस वर्षं मी ब्लफच्या धक्क्यावर
कालवांची पोती मोजली.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
वारा असा, की रेघ उमटायच्या आधी
खडूची भुकटी समुद्रात.
माझं माप चुकलं नाही.
एका मार्चात तीन पोती कमी भरली,
ती बोटवाल्याने खाल्ली, मी नाही.

आता निवृत्त. टेबलावर अर्ज:
समाजनिधी, आठ हजार डॉलर, रकाना चार.
तुमच्या कामाने काय बदलेल? किती? कधीपर्यंत?
आणि बदललं, हे तुम्हाला कळणार कसं?

मी लिहिलं, लोकांना बरं वाटेल.
इन्व्हरकार्गिलहून ऑलपोर्टबाईंचा फोन आला.
मऊ आवाज. बाई वाईट नाही.
"बरं म्हणजे किती, नोएलीन?"

आमची शेड म्हणजे जुनं बर्फाचं गोदाम.
मंगळवारी, शुक्रवारी लोक मोडकंतोडकं घेऊन येतात:
टोस्टर, खुर्चीचा पाय,
एकदा तर कवळी.
वर्षात दोनशे बारा वस्तू नीट केल्या.
आकडा ठसक्यात लिहिणार, तेवढ्यात
सेल्विनचा रेडिओ आठवला.

दोनशे बारांत तो एकतीस वेळा आहे.
तोच रेडिओ, तीच निसटलेली तार.
घरून निघताना सेल्विन स्वतःच ती सोडवतो.
स्क्रूच्या खाचेत ताजा ओरखडा असतो, मला दिसतो.
मी आवळते. तो चहा पितो,
सामुद्रधुनीकडे बघत हवामान ऐकतो,
"पुन्हा गेला तर आणतो," म्हणतो,
आणि रेडिओ काखेत धरून एकटाच जातो.

हा एक धरायचा की एकतीस?
एक धरला तर काम कमी दिसतं.
एकतीस धरले तर दिसतं,
की आमची दुरुस्ती आठवडाभरही टिकत नाही.

मेरेआना, माझ्या बहिणीची नात,
मांडीवर लॅपटॉप, तोंडात बिस्किट, म्हणाली,
"वस्तू सोड गं. दाराकडे बघ.
एकटं कोण येतं,
आणि जाताना कुणाबरोबर जातं."

मी खडू काढला.
चार मंगळवार, चार शुक्रवार.
चौकटीच्या डाव्या फळीवर एकटे आलेले: त्रेचाळीस.
त्यातले सोबतीने गेलेले, उजवीकडे: अकरा.
रेघा पाहून हाताला ओळख पटली.
ही आमची आधाररेषा.
पुढच्या जूनात, तेवढ्याच दिवसांत, बावीस, मी लिहिलं.
"अठरा लिही," मेरेआना म्हणाली,
"जूनात पाचलाच काळोख पडतो, लोक घाईत असतात."
थोडं भांडलो. वीस ठरलं.
पडताळणीचं साधन: दाराची चौकट.
ते तिने खोडलं, नोंदवही लिहिलं.

शाळेत गणिताच्या बाई बजावायच्या,
हातचा विसरू नका.
रेघेखाली त्याला जागा नसते,
बोटावर धरून ठेवायचा,
आणि पुढच्या घरात मिळवायचा.
अकरांत सेल्विन नव्हता.
विसांत असेल का, ते लिहायला
रकानाच नाही.

अर्ज सोमवारी गेला.
मंगळवारी मी त्याचा स्क्रू
अर्धा आटा सैलच ठेवला.
हे ऑलपोर्टबाईंना सांगणार नाही.

आज शुक्रवार. इओसेफोची सायकल
आणि सेल्विनचा रेडिओ एकदमच झाले.
दोघं एकदमच उठले,
दारात एकमेकांना "तुम्ही आधी" करत अडकले.
खडू माझ्या हातात.
सोबत मोजायची फाटकापर्यंत
की चर्चच्या वळणापर्यंत,
हे आम्ही अर्जात लिहिलंच नाही.

ते फाटकापाशी थांबलेत.
वारा वाढलाय.
रेडिओ सायकलच्या कॅरियरला बांधताहेत,
दोरी आखूड पडतेय.